डॉक्टरांची गाडी

अंबाजोगाईत जुनी गाडी घेणाऱ्याला कसली चिंता? गावात आशियातलं पहिलं म्हणवणारं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. साहजिकच विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांची, सिंगल ओनर, घर ते दवाखाना एवढीच फिरलेली. दहा वर्षांची डिझेल गाडी, मीटरवर ४८ हजार. ब्रेकच्या पेडलाचं रबर गुळगुळीत झालंय खरं, पण डॉक्टरसाहेब गाडी उभी करून ब्रेक मारण्याचा सराव करत असणार. मीटर मागं नेण्याची ही विद्या महाविद्यालयानं अभ्यासक्रमातच घ्यावी; साठीचा पेशंट पस्तिशीचा होऊन घरी जाईल.

तपासणीही शास्त्रशुद्ध. एकानं टायरला लाथ घालायची, दुसऱ्यानं दार आपटून ‘पत्रा दणकट हाय’ म्हणायचं, तिसऱ्यानं बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्यानं परत लावायचं. नंबर एमएच ४४ दिसला की गाडी घरचीच. आरसी बुकाच्या झेरॉक्समध्ये बँकेचा बोजा शोधत बसणं म्हणजे देणाऱ्याच्या सज्जनपणावर संशय. योगेश्वरीपुढं नारळ फुटला, पासिंग झालं.

चेसिस नंबर तेवढा राहिला होता. तोही पुसूनपासून, अंक न् अंक जुळवून पाहिला गेला. तीन महिन्यांनी, कर्जवसुलीवाल्यांकडून.