सुलभ पाखंडशोधन : नवशिक्यांसाठी

धर्म बुडत चालला आहे याची खात्री पटलेली आहे, तो वाचवायला आपणच लायक आहोत याची तर त्याहून जास्त, पण सुरुवात कुठून करावी ते समजत नाही, अशा होतकरूंसाठी ही मार्गदर्शिका. उदाहरणे गोव्याच्या इन्क्विझिशनमधून, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयातून, घेतली आहेत. हे कार्यालय १५६० पासून १८१२ पर्यंत चालले; मध्ये १७७४ ते १७७८ एवढीच काय ती सुट्टी. इतका अनुभव आपल्या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाच्या गाठी नाही.

पहिले काम मंजुरीचे. इथे घाई कामाची नाही. गोव्याला इन्क्विझिशन हवे, असे फ्रान्सिस झेवियरने पोर्तुगालच्या राजाला लिहिले ते १५४६ मध्ये. अर्जदार १५५२ मध्ये वारला, राजा १५५७ मध्ये, आणि कार्यालय उघडले १५६० मध्ये. माणसे गेली, फाईल टिकली. जागेची अडचण आली नाही. जुन्या गोव्यातला आदिलशहाचा वाडा आयताच होता. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणू लागले. पाटी लावण्याचा खर्च वाचला.

आता मुख्य प्रश्न. पाखंड शोधायचे कुठे?

नवशिका माणूस आधी पुस्तकांकडे धावतो. ही चूक टाळावी. पुस्तके वाचावी लागतात, आणि वाचूनही काही हाती लागेल याचा भरवसा नसतो. गार्सिया द ओर्ताचे प्रकरण पाहा. हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारी जाऊन येऊन असे. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद केले आहे, की पहिले इन्क्विझिटर आलेइशो दियाश फाल्काँव यांनी हा ग्रंथ नजरेखालून घातला आहे. त्यांना काही खटकले नाही. ओर्ता १५६८ मध्ये सुखाने मेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये ओर्ताचीही हाडे उकरून जाळली. आरोपी मेला म्हणून खटला संपत नाही, हे ध्यानात ठेवावे. उलट मेलेला आरोपी उलटतपासणी मागत नाही, अपील करत नाही, आणि त्याची मालमत्ता वारसांकडून काढून घेता येते.

तेव्हा पुस्तके सोडा आणि स्वयंपाकघरात शिरा. गोव्याच्या कार्यालयाला हे नीट उमगले होते. त्याचा १७३६ चा जाहीरनामा प्रत्येक होतकरूने उशाशी ठेवावा. बाप्तिस्मा झालेल्यांनी काय काय करू नये याची ती यादी आहे. भात शिजताना त्यात मीठ न घालता नंतर चवीपुरते घेऊ नये, कारण हिंदू तसे करतात. दारी तुळस ठेवू नये, असेल तर उपटावी. एकादशी धरू नये. लग्नात पानविडा देऊ नये, ओव्या गाऊ नयेत, वधूवरांना तेल-नारळाचा रस लावण्याचे विधी करू नयेत. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री जागू नये. सटवी येते असे मानणे हा गुन्हा. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत भात आजही अळणीच शिजतो, म्हणजे बाप्तिस्मा झाला नाही एवढ्यावरच आपण सुटलो.

अशा यादीचा फायदा असा, की ईश्वराबद्दल आरोपीचे मत काय आहे हे कुणाला विचारावेच लागत नाही. शेजारीण भाताची चव सांगते, काम भागते. तोटा एवढाच, की कार्यालय उघडून पावणेदोनशे वर्षे झाल्यावर अशी यादी काढावी लागते याचा अर्थ चाणाक्ष वाचक लावतो. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत ‘रोस’ हा विधी आजही होतो, नारळाच्या रसासकट, ओव्यांसकट.

हिंदूंचे काय, असा प्रश्न येईल. नियमाने अधिकार फक्त बाप्तिस्मा झालेल्यांवर. पण एखाद्या हिंदूने कुणाला धर्मांतरापासून अडवले किंवा ख्रिस्ती शेजाऱ्याला जुन्या विधीत मदत केली, तर त्यालाही बोलावता येते. नियम आडवा येतो असे वाटले तर तो नीट वाचलेला नसतो.

चौकशीची पद्धत एकच ध्यानात ठेवावी : आरोप काय आहे ते आरोपीला सांगू नये. कोणी केला हे तर मुळीच नाही. त्यानेच आठवून आठवून सांगावे. चार्ल्स देल्लों या तरुण फ्रेंच वैद्याला दमणमध्ये १६७३ साली धरले. आपली काही विधाने अंगाशी येणार असे कळल्यावर तो स्वतःच इन्क्विझिशनच्या तिथल्या कमिसाराकडे जाऊन सारे सांगून आला होता; स्वतःहून कबुली देणाऱ्याला माफी मिळते, अशी त्याची समजूत. त्याला वसईमार्गे गोव्याला नेले. तिथे प्रश्न एकच : तुम्हाला का आणले आहे, ते तुम्हीच सांगा. आठवेल ते त्याने सांगितले. त्यांना हवे होते ते नेमके राहून जात होते. कोठडीत त्याने जीव देण्याचेही प्रयत्न केले. जानेवारी १६७६ मध्ये निकाल लागला : मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपार, पाच वर्षे गलबतावरची सक्तमजुरी. सुटताना गुप्ततेची शपथ घ्यायला लावावी हे खरे, पण तिच्यावर फार विसंबू नये. देल्लोंचे पुस्तक १६८७ मध्ये बाहेर पडले आणि सगळ्या युरोपने वाचले.

निकालाचा समारंभ थाटात करावा. कॅथेड्रलची मोठी घंटा, मिरवणूक, अंगावर चितारलेले झगे; पळून गेलेल्यांचे पुतळे, मेलेल्यांच्या हाडांच्या पेट्या. जाळण्याचे काम मात्र स्वतः करू नये. आरोपीला दिवाणी सरकारच्या हवाली करावे आणि सोबत दयेची विनंती जोडावी. सरकारला ती विनंती कशी वाचायची ते ठाऊक असते. धर्माचे हात स्वच्छ राहतात. सगळ्या यंत्रणेतली मला सर्वांत किळसवाणी वाटते ती ही विनंती. चितेपेक्षाही.

इमारत, घंटा, गलबते यांची ऐपत नसेल त्यांनी खट्टू होऊ नये. घाटावर हे सारे बिनखर्चात साधले होते. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात आले, तर आळंदीला वाळीत टाकणे पुरले. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त आणि पोरांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट, असे परंपरा सांगते. देहूला तर एक वाण्याचा मुलगा आणि एक नदी एवढेच साहित्य लागले. मात्र इथे एक धोका आहे. ज्यांच्या सांगण्यावरून गाथा इंद्रायणीत गेली ते रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचेच शिष्य झाले. अंमलदार फितणार नाही याची खबरदारी घ्यावी. निदान आरोपीचे अभंग त्याच्या कानी पडू देऊ नयेत.

शेवटचा धडा दप्तराचा. कार्यालय बंद झाल्यावर कागद जाळावेत. गोव्यात तसेच केले, आणि व्हडलें घरही पुढे पाडून टाकले. पण कारकुनी हौस माणसाला स्वस्थ बसू देत नाही. जुआँव देल्गादु फिगैरा या अभियोक्त्याने १६२३ मध्ये तोवरच्या सुमारे ३,८०० खटल्यांची सूची मोठ्या निगुतीने तयार करून ठेवली होती. ती जळायची राहिली. आज ती लिस्बनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.