पंधराचा डबा घेण्याचा शास्त्रोक्त विधी

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी तेलाच्या डब्याचा विषय निघतो. वाण्याच्या दुकानात दोन डबे शेजारी शेजारी उभे असतात. एक पंधरा लिटरचा, दुसरा पंधरा किलोचा. दिसायला सख्खे भाऊ, आणि दोघांनाही दुकानात ‘पंधराचा डबा’ असेच म्हणतात. अशा प्रसंगी गृहस्थाने पुढील विधी यथासांग करावा.

आचमन : पाण्याने करावे. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर, हे शाळेतले ज्ञान इथे जवळपास चोख चालते. ते योगायोगाने नव्हे. 1795 साली फ्रान्समध्ये ग्रॅम ठरवला तोच मुळी एक घन सेंटिमीटर पाण्याच्या वजनावरून. हाच हिशेब तेलालाही लावावा, असा मोह गृहस्थाला याच क्षणी होतो. तो आवरावा.

संकल्प : लिटरला घनतेने गुणले की किलो, किलोला घनतेने भागले की लिटर. घनता प्रत्येक द्रवाची वेगळी : शेंगदाणा तेल सुमारे 0.91, दूध 1.03, मध 1.4, पारा 13.6. म्हणूनच अर्धा किलो मधाची बाटली एवढीशी दिसते. तीत मावतो जेमतेम 350 मिलिलिटर मध. त्यावरून वाण्याशी भांडू नये.

मुख्य पूजा : 15 गुणिले 0.91, म्हणजे 13.65. लिटरच्या डब्यात तेल एवढे किलो. किलोच्या डब्यात मात्र साडेसोळा लिटरच्या आसपास. समजा, लिटरचा डबा 2,100 रुपयांना आणि किलोचा 2,250 रुपयांना आहे. पहिल्याचा भाव किलोमागे जवळजवळ 154 रुपये पडतो, दुसऱ्याचा 150. स्वस्त दिसतो तो महाग.

विघ्न : तापमान. तेल तापले की फुगते, वजन मात्र तेवढेच राहते. सोयाबीन तेलाचा एक लिटर 21 अंशांना 919 ग्रॅम भरतो, 60 अंशांना 892.6. काही कंपन्या पिशवीवर चक्क 60 अंश तापमान छापत. एवढा पारा मे महिन्यातल्या चंद्रपूरलाही चढत नाही. अखेर 2022 मध्ये केंद्र सरकारने फर्मावले की तापमान गाळा, आणि लिटरसोबत वजनही छापा.

उत्तरपूजा : इतके सगळे वाचूनही गृहस्थ दीडशे रुपये वाचवण्यासाठी लिटरचाच डबा घरी आणतो. मग खात्री करून घ्यायला तो आख्खा डबा काट्यावर चढवतो. तेल 13.65, वर पत्र्याचे किलोभर. काटा पंधराच्या उंबरठ्यावर जाऊन थबकतो.

‘‘बघा, भरला की नाही पंधरा?’’ असे म्हणत गृहस्थ शेजाऱ्यांना काटा पाहायला बोलावतो.