तेरा आणि नऊ

पनवेल हे हार्बर मार्गाचं पहिलं स्टेशन. गाडी इथूनच सुटते, म्हणजे इथल्या माणसाला बसायला जागा मिळणारच, असं भूगोलावर विश्वास असणाऱ्यांना वाटतं. प्रत्यक्षात गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या भरलेल्या असतात. मानसरोवर-खांदेश्वरची मंडळी तिकडेच चढून, उलटी पनवेलपर्यंत येऊन, डोळे मिटून बसलेली असतात. झोप कुणालाच लागलेली नसते; नजरेला नजर द्यावी लागू नये म्हणून ते मिटलेले डोळे. मग राग, मत्सर, अपमान आणि चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकायला मिळावं म्हणून आवाजात आणलेली लाचारी, हे सगळं बेलापूर यायच्या आत उरकतं. सीएसएमटीला उतरेपर्यंत मन कसं धुतल्यासारखं स्वच्छ. निदान ऑफिसची तरी तशी अपेक्षा असते.

आमच्याकडे अधूनमधून एक प्रशिक्षक येतात. पडद्यावर पिवळे हसरे चेहरे दाखवतात आणि नकारात्मक भावना चपलांसारख्या दाराबाहेर काढून यायला सांगतात. मला एवढाच प्रश्न पडतो की संध्याकाळी निघताना ज्याच्या त्याला आपापल्या परत मिळतात, की देवळाबाहेर होतं तसं दुसऱ्याच्या घालून घरी जायचं?

या बाबतीत प्रशिक्षकांपेक्षा मला चरक बरा वाटतो. पनवेल आणि आयुर्वेद यांचं नातं जुनं आहे. पुराणिक वैद्यांनी १८७२ साली इथे धूतपापेश्वरचा कारखाना उभा केला आणि गावाचं नाव काढ्या-आसवांच्या बाटल्यांवरून घरोघरी पोचलं. गावाला त्याचा एक परिणाम भोगावा लागतो. ‘आयुर्वेदात काय सांगितलंय’ हे सांगणारा एक तरी गृहस्थ आमच्या प्रत्येक आळीत सापडतो. आमच्या आळीतले काका स्वतः वैद्य नाहीत, वैद्यांचे शेजारी आहेत. पण अधिकार तोच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय मला त्यांनी सांगितला, तोही मी जांभई दाबली म्हणून.

चरक म्हणतो, तेरा वेग अडवू नयेत. मल, मूत्र, शुक्र, अधोवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेली धाप. आणि मनाचे वेग मात्र आवरावेत. लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, मत्सर, अति आसक्ती, दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा. मोजले तर नऊ.

ही यादी घेऊन कुठल्याही ऑफिसात जा. जे तेरा मोकळे सोडायचे ते आम्ही दातओठ खाऊन धरून ठेवतो. साहेब आकडे वाचत असतात तेव्हा अख्खी मीटिंग नाकपुड्या फुगवून जांभई गिळत असते. दीड वाजता भूक लागते आणि डबा तीनला उघडतो. आणि जे नऊ आवरायचे त्यांना आम्ही रीतसर हुद्दे दिलेत. लोभाचं नाव टार्गेट, अहंकाराचं लीडरशिप, निर्लज्जपणाचं नेटवर्किंग. वार्षिक अहवालात त्यांचे गुण मिळतात.

मला या यादीत सगळ्यात आवडते ती शोकाची आणि अश्रूंची फाळणी. शोक आवरावा, अश्रू आवरू नयेत. दुःखाला घरचा मालक होऊ द्यायचं नाही, पण डोळ्यांना पाणी आलं तर ते वाहू द्यायचं. अश्रू दाबले की सर्दी, डोळ्यांचे विकार, हृदयाचे विकार, तोंडाला चव नसणं, चक्कर, असं चरक सांगतो. आमच्या ऑफिसात बायका स्वच्छतागृहात जाऊन आधी नळ सोडतात आणि मग रडतात. पुरुष ‘एसीचा त्रास होतो’ म्हणतात. या तक्रारीवरचे उपाय तर फारच प्रेमळ आहेत: झोप, मद्य आणि आवडीच्या गोष्टी. यातलं पहिलं लोकलमध्ये उभ्याने होतं, दुसरं आमच्या नियमांत बसत नाही. तिसऱ्याला ऑफिसात ‘गप्पा’ म्हणतात आणि त्यावरून मेमो मिळतो.

मत्सराबद्दल मात्र मी काकांशी वाद घातला. बरोबरीच्या बाईला बढती मिळाली, तेव्हा मी तिचा पेढा विनासायास खाल्ला; दुसराही घेतला. पण पुढे एकीची बदली पनवेलच्याच शाखेत झाली आणि ती दुपारी घरी जाऊन गरम वरणभात खाते हे कळलं, तेव्हा माझ्या पोटात जे काही झालं ते तेरा आणि नऊ दोन्ही याद्यांत बसणारं होतं. मला खुर्ची नको होती, वरणभात हवा होता, हे मला कुठल्याच प्रशिक्षकाने सांगितलं नसतं. काका म्हणाले, ‘‘चरक म्हणतो आवर. येऊच देऊ नको असं कुठे म्हणतो?’’ शेजाऱ्यांना कधीकधी वैद्यांपेक्षा जास्त कळतं.

भीतीचंही तेच. हिशेबखातं भीतीवर चालतं. चेकवरची शून्यं दुसऱ्यांदा मोजायला लावते ती काही निष्ठा नव्हे. निर्भय कारकून मी पाहिलेत. त्यांच्याकडे ऑडिटवाले खुर्ची ओढून बराच वेळ बसतात.

राहिला राग. रागाचा विषय निघाला की पनवेलच्या माणसाला शिरढोणपर्यंत जावंच लागतं. गोव्याच्या रस्त्यावरचं हे गाव. तिथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचा पुतळ्यातला आवेश सगळ्यांना ठाऊक असतो. मला जवळचे वाटतात ते पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात वर्षानुवर्षं आकडे लिहिणारे फडके. म्हणजे आमच्याच खात्यातले. आई आजारी असल्याचं कळलं, रजेचा अर्ज केला, रजा वेळेवर मिळाली नाही. पोचले तोवर आई गेली होती. पुढे वर्षश्राद्धालाही रजा नाकारली, असं सांगतात. साम्राज्याविरुद्धच्या रागाला कारणं पुष्कळ होती. १८७६-७७ च्या दुष्काळात लोक अन्नावाचून मरताना दिसले, ते कारण तर फार मोठं. पण त्या कारणांच्या तळाशी कुठेतरी मंजूर न झालेला एक साधा अर्ज पडून आहे, हे कुठल्याही कारकुनाला चटकन समजतं.

आणि हा राग लगेच फुटला नाही. मध्ये वर्षं गेली. आमचा राग पनवेलला चढतो आणि वाशीचा पूल यायच्या आत संपतो. फडक्यांचा १८७९ पर्यंत टिकला, रामोशी, कोळी, मांग सोबत्यांसह सह्याद्रीच्या डोंगरांत उभा राहिला. पकडले गेले, एडनच्या तुरुंगात पाठवले गेले, तिथूनही एकदा निसटले, पुन्हा सापडले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच गेले. चरकाने यावर काय म्हटलं असतं हे मी काकांना विचारलं. काका बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘‘चहा टाक.’’

आज पनवेलात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. लोक तिकीट काढून तिथे अंधारात रीतसर रडतात, आणि मध्यंतरात वडा खाऊन पुन्हा रडायला आत जातात. तेरांपैकी दोन वेग एका तिकिटात सुटतात.

अलीकडे सेक्शनमधले रजेचे अर्ज माझ्याकडे येतात. मागे एका मुलाने ‘आजी अत्यवस्थ’ असा अर्ज ठेवला. आजीच्या निधनाची त्याची रजा मीच पूर्वी मंजूर केली होती. मी चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तर तोच घाईने म्हणाला, ‘‘मॅडम, ती आईकडची. ही वडलांकडची.’’

‘‘गाव कुठलं?’’

‘‘शिरढोणच्या थोडं पुढे.’’

मी सही केली, तारीख घातली आणि म्हटलं, ‘‘दोन दिवस कशाला लिहिलेत? चार घ्या.’’