लेख न वाचता परत पाठवणाऱ्यांस

रा. रा. तांत्रिक छाननी विभागप्रमुख यांस,



संतांच्या रचनांतल्या बाजारहाटाविषयीचा माझा लेख आपण पुन्हा एकदा परत पाठवलात, आभारी आहे. या खेपेचे कारण असे, की माझी तिसऱ्या पातळीची उपशीर्षके नुसतीच ठळक आहेत; एपीएच्या, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या शैलीपुस्तकाच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे ती ठळक आणि शिवाय तिरकी हवीत. नियम तसाच आहे, त्यात वाद नाही. लेखात म्हटले काय आहे, हे मात्र आपल्या कार्यालयात अजून कुणालाच ठाऊक नाही. त्या शुभकार्याला इतकी घाई नसावी, हे मी समजू शकतो.

आधी आडनावाचे बोलू. आपल्या पोर्टलवर लेखकाच्या आडनावाच्या रकान्यापुढे तांबडी चांदणी आहे. तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. आता ज्ञानेश्वरांचे आडनाव काय घालायचे? घराणे आपेगावच्या कुलकर्ण्यांचे, हे खरे. पण 'कुलकर्णी, डी.' असे टंकायचा धीर मला झाला नाही. शेवटी आपल्या सॉफ्टवेअरनेच मार्ग काढला. त्याने प्रत्येक नावातला शेवटचा शब्द उचलला आणि आडनाव म्हणून पुढे आणला. त्यामुळे माझ्या संदर्भसूचीत सध्या 'महाराज, डी.', 'महाराज, ई.' आणि 'महाराज, टी.' असे तिघे ओळीने उभे आहेत. पहिल्या आणि शेवटच्यात साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे, पण परदेशी वाचकाला ते एकाच घरातले सख्खे भाऊ वाटावेत. ज्ञानदेव, एकनाथ आणि तुकोबा यांना इतके जवळ आणणे भल्याभल्या कीर्तनकारांनाही जमलेले नाही.

नंतर आपण पृष्ठ क्रमांक मागितलात. ओवी कुणी पानाने शोधत नाही. अध्याय आणि ओवीचा आकडा सांगितला की कोणत्याही प्रतीत ती सापडते. गंमत म्हणजे एपीएच्या पुस्तकातच अशा जुन्या ग्रंथांसाठी पानाऐवजी अध्याय-श्लोकांचे आकडे देण्याची मुभा आहे. म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांना जे पटते ते आपल्या पोर्टलला पटत नाही. ही मंडळी 1929 साली सातेक पानांच्या सूचनांवर निघाली होती. आज त्यांचे पुस्तक चारशे पानांच्या पुढे गेले आहे, आणि आपण त्यावर वरकड म्हणून स्वतःची पुरवणी जोडली आहे.

त्या पुरवणीतले एक कलम तर मला फारच आवडले: निम्मे संदर्भ गेल्या 5 वर्षांतले असावेत. तुकोबांनी 1650नंतर काही लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. आढळल्यास जरूर कळवीन.

प्रकाशनस्थळाचीही कथा तशीच. पूर्वी ते सक्तीचे होते. मुखपृष्ठ गेलेल्या, वाळवी लागलेल्या प्रतींवर छापखाना पुण्याचा की मुंबईचा हे शोधण्यात आम्हा लोकांच्या किती उन्हाळी सुट्ट्या गेल्या असतील! एपीएच्या 2019च्या सातव्या आवृत्तीने ते कलमच काढून टाकले. आता आपण पत्राने विचारता, की सूचीतली 'पुणे' आणि 'मुंबई' अद्याप का काढली नाहीत.

अक्षराबद्दल काय बोलावे? टाइम्स न्यू रोमन, 12 पॉइंट, दोन ओळींत दुप्पट अंतर. हा टंक 1932 साली लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये पहिल्यांदा छापला गेला, दैनिकाच्या अरुंद रकान्यांत जास्त मजकूर मावावा म्हणून. त्यात देवनागरी नाहीच. मी अभंगाची ओळ घातली की वर्ड गुपचूप दुसरा टंक लावतो आणि आपला माणूस लिहितो, 'फॉन्ट एकसारखा ठेवा.' दुप्पट अंतर तर टंकलिखिताच्या काळातले, संपादकाला ओळींमध्ये पेन्सिलीने दुरुस्ती करता यावी म्हणून. पेन्सिल गेली, संपादकही फाईल उघडेनासा झाला, अंतर तेवढे राहिले. (मराठी नियतकालिकांकडे वळावे तर तिथे आजही कुणी श्रीलिपीचा जुना टंकच मागतो, आणि युनिकोडचा मजकूर त्यात घालताना जोडाक्षरांची हाडे मोडतात. त्यामुळे तक्रार एकट्या आपल्याबद्दल नाही.)

संदर्भ शिस्तीत द्यावेत, याबद्दल माझे भांडण नाही. 'एका जाणकाराने म्हटलेच आहे' एवढ्यावर भागवणारे मराठी समीक्षालेख मी पुष्कळ वाचले आहेत. तो जाणकार कोण, हे शोधता शोधता डोळे गेले. माझे म्हणणे इतकेच, की आधी वाचा आणि मग मोजपट्टी काढा. हे अशक्य नाही. एल्सेव्हियरसारख्या धंदेवाईक प्रकाशकाने 2011पासूनच काही नियतकालिकांत 'पहिल्यांदा कशाही स्वरूपात पाठवा, दुरुस्तीची वेळ आली की मग मांडणी बघू' अशी सोय सुरू केली. 2019 साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात संशोधकांच्या सर्वेक्षणावरचा एक लेख आला, त्यात एका हस्तलिखिताच्या निव्वळ मांडणीपायी जाणाऱ्या वेळेचा मध्यक 14 तास निघाला. त्यांच्यापैकी किती जणांना 'महाराज, डी.' सोडवायचे होते, देव जाणे. आणि नाकारलेला लेख दुसरीकडे पाठवायचा म्हटले की तिथली शैली निराळी: कंसातले साल काढा, चौकोनी कंसात आकडे घाला, आडनावापुढचा स्वल्पविराम पुसा. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भांडारात आजघडीला 10,000हून अधिक संदर्भशैली आहेत. माणसाने दिलेला संदर्भ वाचकाला सापडावा, एवढ्या एका कामासाठी!

तेव्हा एक विनंती. उपशीर्षके तिरकी करून लेख सोबत पाठवत आहे. तो कृपया या विषयातल्या एखाद्या वाचणाऱ्या माणसाच्या हाती द्यावा. त्याने 'दुसऱ्या भागातला युक्तिवाद पोकळ आहे' असे म्हटले तरी चालेल. 'तुकोबांच्या दुकानदारीचा अर्थ लावताना लेखक घसरला आहे' असे म्हटले तर त्याच्याशी कडाडून भांडेन, आणि ते भांडण मला मनापासून हवे आहे. दोघांनाही काही नवे कळेल. साभार परत करायचे तर तशा कारणाने करावे.



आपला,
लेखक क्र. 1
(नाव आणि पत्ता वेगळ्या फाईलमध्ये, आपल्या नियमानुसार)