जुन्या अल्बमचा जीर्णोद्धार : शास्त्रोक्त विधी

गावाकडच्या देवळाचा जीर्णोद्धार ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा विधी वेगळा शिकायला नको. काळ्या दगडाला ऑइलपेंट फासायचा, गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स बसवायच्या, कळसाला लुकलुकणारी माळ. देव तोच. जुन्या रॉक अल्बमचं रिमास्टरिंगही असंच करावं. फरक इतकाच, की इथे एकाच देवळासाठी भक्तांकडून तीन-चारदा वर्गणी घेता येते.

आधी एक सोवळं-ओवळं समजून घ्यावं. रिमिक्स म्हणजे गिटार, ड्रम, गळा हे सुटे ट्रॅक काढून पुन्हा सगळा स्वयंपाक करणं. रिमास्टर म्हणजे शिजलेली भाजी. तिच्यातली मोहरी आता वेचता येत नाही. वरून मीठ-कोथिंबीर घालावी आणि गरम करून वाढावी. आमच्या ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅकचा 1991चा ‘ब्लू लाइन्स’ 2012 साली दोन्ही संस्कार होऊन पुन्हा बाजारात आला. अशा वेळी मूळ चव आठवणाऱ्या माणसाला पंगतीला बसवू नये.

आता मुख्य कर्म : आवाज चढवणे. सीडीला वरची एक ठाम मर्यादा असते, तिच्यापलीकडे काही जात नाही. ड्रमचा एखादा फटका त्या छताला टेकला, की बाकीचं गाणं खालीच राहतं. म्हणून लिमिटर नावाचं यंत्र घ्यावं, उंच फटक्यांची डोकी छाटावीत आणि मग सगळंच उचलून छताला चिकटवावं. संगणकाच्या पडद्यावर आधी डोंगरदऱ्या दिसत होत्या, तिथे आता वीट दिसू लागली, की काम फत्ते. हलकं गुणगुणणं आणि किंचाळणं यांत फरक उरत नाही, पण कानाला मोठं ते छान वाटतं, निदान पहिली पाच मिनिटं. (दोन आवृत्त्यांचा आवाज कानाने सारखा करून मगच तुलना करावी, असं काही खडूस लोक सांगतात. त्यांना दुकानात येऊ देऊ नये.)

विटेची खात्री करायला महागडा मीटर लागत नाही, शेजारीण पुरते. ब्रिस्टलच्या बेडमिन्स्टर भागातली आमची घरं एकाला एक चिकटलेली, मधे एक भिंत. एका अल्बमची ऐंशीच्या दशकातली सीडी मी लावली. पलीकडे शांतता. बटणाला हातही न लावता त्याच अल्बमची रिमास्टर लावली. दुसऱ्या कडव्याला भिंतीवर तीन ठोके. तालातच होते, पण ठोके.

पुढे खरखर काढणे. टेपची सळसळ काढताना तिच्यासोबत झांजेची चमक आणि गाणाऱ्याचा श्वासही जातो, जाऊ द्यावा. बालगंधर्वांच्या तबकड्या ‘स्वच्छ’ करून ऐकवणारे नातलग प्रत्येकाच्या घरी असतात, त्यांना सारंगीचं काय झालं हे विचारू नये. मात्र पोर्टिसहेडचा 1994चा ‘डमी’ हातात आला, तर हा टप्पा मुकाट्याने वगळावा. या मंडळींनी स्वतःच वाजवलेलं संगीत तबकडीवर छापून घेतलं, तबकड्या जमिनीवर टाकून त्यांवर चालले, त्यांचं स्केटबोर्ड केलं आणि मग तो झिजलेला आवाज अल्बमात वापरला. ‘डमी’ला 1995चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं. इथे खरखर पुसणं म्हणजे पैठणीची जर मळ समजून घासून काढणं.

जीर्णोद्धार फसला तरी घाबरू नये, उलट तिथेच खरा धंदा आहे. ‘द स्टूजेस’च्या 1973च्या ‘रॉ पॉवर’चं मिश्रण बहुतांशी डेव्हिड बोवीने केलं होतं. बँडच्या गायकाने, इगी पॉपने, 1997 साली ते स्वतः नव्याने केलं आणि इतकं कर्णकटू चढवलं, की विटेलाही लाज वाटावी. 2010 साली बोवीचं जुनंच मिश्रण रिमास्टर करून पुन्हा विकायला आलं. म्हणजे आधी टाइल्सचे पैसे, मग टाइल्स उखडल्याचे.

शेवटी, मूळ आवाज कसा होता याचा साक्षीदार शोधू नये. मी शोधला. ठोक्यांची माफी मागायला शेजारणीकडे केक घेऊन गेलो, तर कळलं की 5 फेब्रुवारी 1972ला बाई इथल्या कोल्स्टन हॉलमध्ये होत्या. त्याला आता ब्रिस्टल बीकन म्हणतात, नावाचाही जीर्णोद्धार. पिंक फ्लॉइडने ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची रचना तिथे वाजवली, तेव्हा अल्बम निघायला वर्षाहून जास्त अवकाश होता. मी खुर्ची पुढे ओढली. कसा होता हो आवाज?

बाईंनी बराच विचार केला. पुढच्या रांगेत एक उंच माणूस होता म्हणाल्या, टोपी घातलेला, आणि त्याने ती शेवटपर्यंत काढली नाही. मग केकचा दुसरा तुकडा घेतला.