पाव्हणा कामाला आलाय

जामखेडच्या एसटी स्टँडवर पाठीवर स्वतःच्या उंचीची सॅक घेऊन एखादा परदेशी उतरला, तर रिक्षावाला त्याला 'कुठं जायचं?' असं विचारत नाही. सरळ सॅकला हात घालतो. बीडहून बदली होऊन आलेल्या कारकुनाला तोच रिक्षावाला तीनदा विचारतो, कारण कारकून कुठंही जाऊ शकतो. परदेशी माणूस जातो तो आरोळे डॉक्टरांच्या आरोग्य प्रकल्पात. त्याला दुसरं काही बघायला न्यावं असं गावात काय आहे, याचा जामखेडकरानं मनातल्या मनात हिशेब केलेला असतो आणि तो लवकर संपतो.

आमची पोरंही बाहेर जातात. पुण्याला जातात, दुबईला जातात, आणि २०२४ सालच्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केल्यापासून जर्मनीचं नावही पानटपरीवर निघतं. तिकडं जाणाऱ्याला भाषा शिकवायची जबाबदारी सरकारनं घेतली आहे. जामखेडला येणाऱ्याची जबाबदारी मात्र कुणीच घेतलेली नाही, त्यामुळे ती आपोआप टपरीवाल्यावर पडते. परदेशात नोकरी करताना माणसाचं काय होतं, हे जाणून घ्यायला आम्हाला पासपोर्ट काढावा लागत नाही. या पाव्हण्याचा परदेश म्हणजे जामखेड, आणि त्याचे हाल आम्ही बाकड्यावर बसून बघतो.

हा पाव्हणा साधारण पंचविशीचा. मेलबर्नचा असेल, अमेरिकेतला असेल, कधी नेपाळचा किंवा आफ्रिकेतलाही असतो, पण गावाच्या लेखी सगळे 'फॉरेनर'. डॉक्टरकी झालेली किंवा होत आलेली. खिशात हात धुवायच्या औषधाची बाटली, गळ्यात पाण्याची बाटली, हातात वही. वहीवर पहिल्याच दिवशी सुवाच्य अक्षरात उद्दिष्टं लिहिलेली असतात. जामखेडच्या लोकांना आरोग्याचं महत्त्व पटवणं, हे त्यातलं एक उद्दिष्ट हमखास असतं. त्याची यात काही चूक नाही. तो आला तेव्हा त्याला बिचाऱ्याला माहीत नसतं की जामखेडनं आजवर असले पुष्कळ पाव्हणे शिकवून परत पाठवले आहेत.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतलं शिक्षण संपवून इथं आले, तेव्हा दवाखाना मांडायला त्यांना जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची. खेड्यांसाठी आधी त्यांनीही शिकलेल्या नर्सबाई नेमून पाहिल्या. बाहेरून आलेल्या पोरीचं गाव कशाला ऐकतंय? मग गावानंच निवडलेली, गावातच नांदणारी बाई शिकवायची ठरली. यातल्या पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती, कित्येकजणी दलित वस्तीतल्या. त्यांनी बाळंतपणं केली, जुलाबाच्या पोरांना मीठ-साखरेचं पाणी पाजलं, सासवांशी भांडून लसी टोचवून घेतल्या. १९७१ च्या सुमारास इथल्या खेड्यांत हजार जन्मांमागं १७६ तान्ही मुलं दगावत होती. वीस-बावीस वर्षांत तो आकडा विसाच्या आसपास आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि १९९२ साली बाहेरून येणाऱ्यांना शिकवायला रीतसर संस्थाच निघाली. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. पाव्हण्यांची एसटी मात्र चालूच राहिली.

तर पाव्हण्याला पहिला धक्का बसतो तो मास्तरणीचा. विद्यापीठात त्याला शिकवणाऱ्यांच्या नावापुढं पदव्यांची मालगाडी असते. इथं समोर येते ती गावानं निवडलेल्या त्या बायकांतलीच एक, नऊवारीतली, साठी ओलांडलेली आज्जी. ती खाली बसते. हा खुर्ची शोधतो. खुर्ची नाही म्हटल्यावर तोही बसतो, पण मांडी घालणं त्याला जमत नाही. एक गुडघा कायम वर राहतो. आज्जी त्या गुडघ्याकडं बघत विचारते, "बाळा, बाळंतपणं किती केलीस?"

दुभाषा सांगतो की त्यानं काही बघितली आहेत.

"बघायचं काय," आज्जी म्हणते, "मी विमान बघितलंय."

पाव्हणा वहीत काहीतरी लिहितो. उद्दिष्टांचं पान तो परत उघडून बघताना पुढं फारसा कुणाला दिसत नाही.

दुसरा प्रश्न येतो वेळेचा. त्याच्या फोनमध्ये दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडलेले असतात. बैठक कधी, असं तो गावात विचारतो. उत्तर येतं, "जेवणं झाल्यावर." कुणाची जेवणं? गावाची. गावाची जेवणं कधी होतात? धारा काढून झाल्यावर. धारा कधी काढतात? इथं दुभाषाच कंटाळतो. पाव्हणा अंदाजानं साडेसात वाजता मारुतीच्या देवळापुढं जाऊन बसतो आणि दोन कुत्र्यांच्या साक्षीनं वाट बघतो. साडेआठला एक म्हातारा येतो, पाव्हण्याला एकटं बघून कळवळतो आणि चहाला घरी नेतो. नऊला बैठक भरते आणि सगळे विचारतात, पाव्हणा कुठं गेला? माझं मत विचाराल तर यात वेळ पाळली ती गावानंच. जेवणं नऊलाच झाली होती.

टीका ऐकून घेण्याची तर त्याला अजिबात सवय नसते. त्याच्याकडं म्हणे कुणाचं चुकलं तर आधी दोन गोष्टींचं कौतुक करायचं, मधे हळूच चूक सांगायची आणि शेवटी पुन्हा कौतुक करायचं. जामखेडला एवढा वेळ कुणाला आहे? "तुला हे जमत नाही. सरक. चहा घे." तीन वाक्यांत बाई विषय संपवते. पाव्हण्याला त्या रात्री झोप लागत नाही. सकाळी तीच बाई त्याला भाकरी-पिठलं वाढून, ठेचा पुढं सरकवून 'तिखट नाही' म्हणून सांगते आणि तो घाम पुसत, डोळे गाळत खातो. लोक समजतात, कालचं मनाला लागलं पोराच्या.

संबोधनांत तो असाच गोते खातो. त्याच्या देशात मोठ्या डॉक्टरालाही नावानं हाक मारायची पद्धत. इथं पहिल्याच आठवड्यात तो एका सत्तरीच्या बाईला तिच्या नावानं हाक मारतो आणि ओसरीवर शांतता पसरते; तिच्या नवऱ्यानंसुद्धा ते नाव चारचौघांत कधी घेतलेलं नसतं. मग त्याला शिकवतात: ताई, मावशी, आज्जी, भाऊ, आण्णा. पुढचे पंधरा दिवस तो दिसेल तिला मावशी म्हणतो. बँकेतल्या तेवीस वर्षांच्या पोरीलाही म्हणतो, आणि त्याचं काम त्या दिवशी होत नाही. मराठी तो शिकलेला असतो वाटेत गोट्या खेळणाऱ्या पोरांकडून. त्यामुळे सरकारी साहेबासमोर उभं करताच हात जोडून मोठ्या आदबीनं म्हणतो, "काय रे, जेवलास का?" साहेबाला बऱ्याच वर्षांत कुणी एवढ्या आपुलकीनं विचारलेलं नसतं. तो कोपरापासून हात जोडतो.

रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात तिसरं कुणी नसावं, हे त्याच्याकडून पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं. खेड्यात तो एका सुनेची विचारपूस करायला बसतो आणि बघता बघता सासू, चुलत सासू, नणंद, शेजारीण आणि शेळी अशी सगळी मंडळी गोळा होतात. हा विनंती करतो, जरा बाहेर थांबा. ती बाहेर थांबतात, म्हणजे दारात. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दारातून येतं. सुरुवातीला तो हताश होतो. मग आज्जी त्याला उपाय दाखवते. सासूला ती पाणी आणायला पाठवत नाही, उलट मधोमध बसवते आणि तिच्याच पहिल्या बाळंतपणाची हकीकत काढते. सासू रंगात आली की सगळ्या बायका तिच्याभोवती जमतात, आणि मागच्या खोलीत आज्जीची जोडीदारीण सुनेशी सावकाश बोलून येते. याला पाठ्यपुस्तकात काय म्हणतात ते पाव्हणा बराच वेळ आठवत बसतो.

दसरा सरल्यावर आलेल्या पाव्हण्याला एक वेगळंच जामखेड भेटतं. वस्त्यांवर कुलपं, ओसरीवर म्हातारी आणि नातवंडं. त्याला वाटतं, सुटीवर गेलेत. मग सांगतात, कारखान्याला गेलेत, ऊस तोडायला. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. कामाच्या पद्धती हा त्याच्या आवडीचा विषय, त्यामुळे तो खूश होऊन वही काढतो. करार कुणाशी? मुकादमाशी. पगार कधी? आधीच, उचल घेतलेली असते, ती फेडायची. आठवड्याची सुटी? एक दिवस खाडा झाला तर उलट पैसे कापले जातात. माणसं किती गेली? इतके कोयते. कोयते नव्हे, माणसं? मग त्याला समजावतात की नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा माणूस गेला तर अर्धा. तो पुन्हा विचारतो, ही बाई म्हणजे कागदावर अर्धा कोयता? कसला कागद, म्हातारी म्हणते. परदेशात कामाला जाताना त्यानं विमा, व्हिसा, लसी अशी यादी करून आणलेली. इथून सहा महिने परगावी कामाला जाणाऱ्याच्या गाडीत चूल, पीठ आणि लहान लेकरू असतं. त्या दिवशी तो चहाचा चौथा कपही नाही म्हणत नाही.

रविवारी त्याला कुणीतरी मोटारसायकलवरून खर्ड्याचा किल्ला दाखवायला नेतो. १७९५ सालची मराठे आणि निजामाची लढाई नेणारा अशी सांगतो, की निजामाला परतवण्यात त्याचाही थोडा हात होता. येताना चोंडी दाखवतो, अहिल्याबाई होळकरांचा जन्म इथला, १७२५ चा. जिल्ह्याचं नाव आता त्यांच्यावरून आहे. पाव्हणा विचारतो, मग सगळे अजून नगर का म्हणतात? पुढचे वीस किलोमीटर मोटारसायकलवाला भावनिक होतो आणि उत्तर राहून जातं.

तिसऱ्या महिन्यात पाव्हणा ओळखू येईनासा होतो. मांडी जमते. चहा बशीत ओतून पितो. फोनमधले पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे जाऊन तिथं फक्त सकाळ, दुपार आणि जेवणं झाल्यावर एवढंच उरतं. 'आत्ताच झाला' हे चहाला नकार देणारं वाक्य तो अस्सल उच्चारात म्हणतो, आणि आमच्यासारखाच त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही या खात्रीनं कपाकडं हात नेतो. घरी व्हिडिओ कॉलवर आई त्याला विचारते, तू मान अशी का हलवतोस?

नव्या अभ्यासक्रमाची तुकडी येते तेव्हा तिला आणायला जुन्या पाव्हण्यालाच स्टँडवर पाठवतात. परवा मी बघितलं. एसटीतून एक कोरा करकरीत, वहीवाला पोरगा उतरला. आमच्या पाव्हण्यानं त्याची सॅक घेतली, त्याला टपरीवर बसवला, दोन कट मागवले आणि पहिला घोट पोटात जायच्या आत त्याच्याच भाषेत, अगदी आमच्या थाटात विचारलं,

"लग्न झालंय का? बरं, पगार किती आहे?"