चैत्रातली पाठवणी

वसंत पक्ष्यांना घेऊन येतो, असं युरोपातल्या पुस्तकांत वाचलं की मला पुण्यातल्या आमच्या महापालिकेच्या बागेची उगीचच काळजी वाटते. तिकडे एप्रिलमध्ये लोक दुर्बिणी सरसावून स्वागताला उभे असतात. इकडे त्याच महिन्यात, तशाच दुर्बिणी गळ्यात अडकवून, आम्ही निरोपाला उभे. आणि निरोपाची अडचण अशी, की येणाऱ्या पक्ष्याची तारीख वहीत टिपता येते, जाणारा मात्र सांगून जात नाही. पाण्याच्या टाकीजवळ शेपटी थरथरवत बसणारा थिरथिरा मंगळवारी असतो, बुधवारीही असतो, आणि मग कधीतरी ध्यानात येतं की तो बुधवार शेवटचा होता. वहीत काय लिहायचं? ‘आज नव्हता’? तसा बागेत मोरही नव्हता.

पर्णवटवट्याचं जाणं तर त्याच्या असण्याइतकंच अस्फुट. ७-८ ग्रॅमचा जीव, हिरव्या पानांत हिरवट अंगाचा. दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. हिवाळाभर एखाद्या कडुनिंबात तुटक हाका देत राहतो आणि एका रात्री अंधारातच उत्तरेकडे निघतो. सकाळी तो कडुनिंब गप्प झालेला असतो, पण शेजारी हास्यक्लबाचा गडगडाट चालू असताना एका झाडाचं गप्प होणं कुणाला ऐकू येणार!

भोरड्यांचं तसं नाही. त्यांचं सगळंच वाजतगाजत. कुंपणाशी एक पांगारा आहे, पानं झडून गेलेला, फांद्यांच्या टोकांना लाल नख्या फुटल्यासारखा. त्यावर काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या भोरड्यांचा थवा उतरतो. फुलांत तोंडं खुपसून त्या मकरंद पितात, कपाळं परागांनी माखून घेतात आणि सगळ्या एकदम बोलतात. ऐकायला कुणीच शिल्लक राहत नाही. याच भोरड्या हिवाळ्यात सोलापूर-नगरकडच्या ज्वारीवर पडतात आणि शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफणीनं त्यांना हाकलतो. पण इथून सुमारे ३,००० किलोमीटरवर, कझाकस्तानच्या गवताळ माळांवर, त्या दगडांच्या सांदीत घरटी करतात, टोळ खातात आणि पिलांनाही टोळ भरवतात. पलीकडे चीनच्या शिंजियांगमध्ये तर त्यांनी येऊन टोळ संपवावेत म्हणून माणसं मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवतात. एकाच पाखराला इकडे दगड मारायचे आणि तिकडे दगड रचून घर द्यायचं! भोरडीला आपल्याविषयी नेमकं काय वाटत असेल, हे विचारायचं धाडस होत नाही.

शिवाय मुक्कामाचा हिशेब पाहा. जुलै-ऑगस्टातच पहिले थवे इकडे येऊन थडकतात, ते एप्रिलपर्यंत हलत नाहीत. वर्षातले आठ-नऊ महिने इथे काढणाऱ्यांना आपण पाहुणे म्हणतो.

हे मी हास्यक्लबातल्या एका आजोबांना सांगितलं. ते रोज मला ‘काय, सापडला का?’ म्हणून विचारतात, जणू माझं काहीतरी हरवलंय. बोटांच्या पेरांवर त्यांनी महिने मोजून पाहिले. मग म्हणाले, “आमची धाकटी न्यू जर्सीला असते. डिसेंबरात येते, तीन आठवडे राहते. तिला चुकून पाहुणी म्हटलं, तर आमची ही मलाच घराबाहेर काढेल.” थोडा वेळ ते पांगाऱ्याकडे बघत राहिले. मग जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले, “पण आठ-नऊ महिने इथलं खायचं-प्यायचं आणि ऐन फुलोऱ्यात उठून जायचं, हे काय हो?”

“पिलांसाठी जातात, आजोबा. अंडी तिकडेच घालतात.”

“म्हणजे बाळंतपणाला माहेरी!” त्यांचा चेहरा एकदम निवळला. “असं सांगा ना मग. जाऊ देत, जाऊ देत.”